पंचगंगेचा पूर आणि समुद्राचे तापमान : प्रकल्प नोंदी

९ डिसेंबर २०२४

आज प्रकल्पाची पहिली बैठक झाली. पदव्युत्तर वर्गातील पाच विद्यार्थी आणि मी, असा सहा जणांचा गट आहे. विषय ठरवताना फार चर्चा करावी लागली नाही, कारण पाचांपैकी दोघांची घरे प्रयाग चिखली आणि आंबेवाडी येथे आहेत आणि २०१९ व २०२१ या दोन्ही वर्षी त्यांनी जनावरे सोडून, धान्याची पोती माळ्यावर टाकून घर सोडले होते. चिखलीच्या विद्यार्थ्याने प्रश्न ज्या शब्दांत मांडला, त्याच शब्दांत तो येथे लिहून ठेवते : "मॅडम, टीव्हीवर एल निनो, ला निना सांगतात, पण त्यावरून आमच्या गावात पाणी येणार का, ते कुणीच सांगत नाही." प्रकल्पाचा प्रश्न हाच राहील. समुद्राच्या तापमानात होणाऱ्या चढउतारांचा आपल्या पाणलोट क्षेत्रातील अतिवृष्टीशी संबंध आहे का, असल्यास तो वर्षांच्या हिशेबात आहे की आठवड्यांच्या, आणि त्यातून गावाला उपयोगी पडेल असे नेमके काय सांगता येते, हे आम्हाला पाहायचे आहे.

पंचगंगा ही या प्रश्नासाठी चांगली नदी आहे. कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती या नद्या सह्याद्रीच्या माथ्याजवळून निघतात, चिखलीच्या संगमावर एकत्र येतात आणि तेथून कोल्हापूर शहराला वळसा घालून नृसिंहवाडीला कृष्णेत मिळतात. प्रवास लांबचा नसल्यामुळे घाटमाथ्यावर कोसळलेला पाऊस राजाराम बंधाऱ्याच्या पातळीत लवकरच दिसू लागतो. बंधाऱ्याची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. पावसाळ्यात कोल्हापूरकराला घरातल्या माणसांच्या वयासारखे हे दोन आकडे पाठ असतात, त्यामुळे पुढे सगळीकडे हीच मापे वापरू.

१६ डिसेंबर २०२४

निर्देशांकांच्या व्याख्या आज पक्क्या केल्या. प्रशांत महासागरासाठी नीनो ३.४ हा पट्टा घेतला आहे, म्हणजे विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंना पाच अंश आणि पश्चिम रेखांश १७० ते १२० या दरम्यानचे पाणी. तेथील समुद्रपृष्ठाचे तापमान सरासरीपेक्षा अर्धा अंश सेल्सिअस किंवा त्याहून अधिक चढले आणि तीन-तीन महिन्यांच्या सरासरीत ते सलग पाच वेळा तसेच राहिले, तर ती एल निनोची घटना धरतात, आणि तेवढेच उतरले तर ला निनाची. हिंदी महासागरासाठी द्विध्रुव निर्देशांक घेतला. आफ्रिकेकडील पूर्व रेखांश ५० ते ७० या चौकटीचे तापमान आणि सुमात्राजवळील ९० ते ११० या चौकटीचे तापमान यांच्या सरासरीपासूनच्या विचलनांतील फरक म्हणजे हा निर्देशांक. पश्चिमेकडचे पाणी तुलनेने अधिक तापले तर द्विध्रुव धन, पूर्वेकडचे तापले तर ऋण. साजी, गोस्वामी, विनयचंद्रन आणि यामागाता यांनी १९९९ मध्ये ही संकल्पना मांडली, म्हणजे माझ्या विद्यार्थ्यांच्या जन्माच्या जेमतेम काही वर्षे आधी.

एका शब्दाबद्दल सर्वांना सावध केले. आपण 'चक्र' म्हणतो, पण हे ऋतूंसारखे वेळेवर फिरणारे चक्र नाही. एल निनो दोन ते सात वर्षांच्या अनियमित अंतराने येतो, द्विध्रुवाचे अंतर त्याहूनही बेभरवशाचे आहे. पुढच्या खेपेची तारीख मागच्या खेपेवरून मोजून काढता येत नाही.

समुद्राला एवढे महत्त्व का द्यायचे, असे एका विद्यार्थिनीने विचारले आणि प्रश्न योग्य होता. समुद्राच्या वरच्या सुमारे अडीच मीटर पाण्याच्या थरात जेवढी उष्णता मावते, तेवढी त्याच्यावरच्या संपूर्ण हवेच्या स्तंभात मावते. हवा आजचे उद्या विसरते, पाणी मात्र महिनोनमहिने तापलेले किंवा निवलेले राहते. हंगामाचा अंदाज काही महिने आधी देता येतो, तो या आठवणीच्या जोरावर.

२७ डिसेंबर २०२४

पावसाच्या आकडेवारीवर आठवडा गेला. भारतीय हवामान विभागाची पाव अंशाच्या चौकटींतील दैनंदिन पर्जन्यमालिका १९०१ पासूनची आहे आणि देशपातळीवरच्या कामासाठी ती अमोल आहे, पण आपल्या जिल्ह्यासाठी तिची एक चौकट म्हणजे सुमारे २७ किलोमीटरची बाजू. गगनबावड्याला वर्षाकाठी सहा हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि पूर्वेकडे शिरोळला त्याचा दहावा हिस्सा पडला तरी पीकपाणी ठीक गेले असे म्हणतात. शंभरेक किलोमीटरच्या आत इतका उतार असताना एका चौकटीत घाटमाथा आणि त्यापलीकडचा पर्जन्यछायेचा भाग एकत्र मिसळून जातात आणि ज्या पावसाने पूर येतो, तोच पुसट होतो. म्हणून तालुक्यांच्या पर्जन्यमापकांच्या नोंदीही घेण्याचे ठरले.

त्या नोंदी मिळाल्या, पण त्यांत नेमक्या महापुराच्या दिवसांच्या जागा अनेक ठिकाणी कोऱ्या आहेत. त्याचे मला वाईट वाटले, आश्चर्य मात्र वाटले नाही. रस्ता पाण्याखाली असताना आणि दरडी कोसळत असताना मापकापर्यंत जाणार कोण? या कोऱ्या जागा शून्य धरायच्या नाहीत आणि शेजारच्या केंद्रावरून अंदाजे भरायच्याही नाहीत, असा नियम आज वहीत लिहिला.

६ जानेवारी २०२५

एक चूक सापडली. ती माझीच होती. आपल्याकडे पावसाचा दिवस सकाळी साडेआठला संपतो, म्हणजे २३ जुलै या तारखेपुढे लिहिलेला पाऊस हा बहुतांशी २२ जुलैला पडलेला असतो. मी मात्र बंधाऱ्याची पातळी मध्यरात्री ते मध्यरात्र या दिवसाशी जोडली होती. त्यामुळे आमच्या आलेखात काही ठिकाणी नदी पावसाच्या आधीच चढताना दिसत होती आणि आम्ही दोन आठवडे त्याची कारणे धरणांच्या विसर्गात शोधत होतो. सर्व मालिका एका दिवसाने सरकवून पुन्हा जोडल्या. उदाहरण म्हणून विद्यार्थ्यांना महाबळेश्वरची नोंद दाखवली : २३ जुलै २०२१ च्या सकाळी संपलेल्या चोवीस तासांत तेथे ५९४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला. चिपळूण बुडाले आणि तळीयेवर दरड कोसळली तो दिवस २२ जुलै होता. तारीख चुकली की कारण आणि परिणाम यांची अदलाबदल होते.

५९४ मिलिमीटर म्हणजे किती, हे फळ्यावर करून पाहिले. एक चौरस किलोमीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दहा लाख लिटर पाणी. त्या हिशेबाने एवढा पाऊस प्रत्येक चौरस किलोमीटरवर जवळजवळ साठ कोटी लिटर पाणी टाकतो. आकडा लिहून झाल्यावर आंबेवाडीची विद्यार्थिनी बराच वेळ फळ्याकडे पाहत होती.

१० जानेवारी २०२५

काल अमेरिकेच्या हवामान संस्थेने प्रशांत महासागरात ला निना स्थिती आल्याचे जाहीर केले. घटना क्षीण आहे. आमच्या गटातील समूह-संदेशांवर लगेच "यंदा पूर पक्का" असे संदेश फिरू लागले. उत्तर दिले नाही, पुढच्या बैठकीत आलेखच दाखवायचे ठरवले.

२० जानेवारी २०२५

पहिले आलेख तयार झाले. आडव्या अक्षावर जून ते सप्टेंबरचा नीनो ३.४ निर्देशांक आणि उभ्या अक्षावर पाणलोट क्षेत्राचा हंगामी पाऊस. देशाच्या एकूण पावसाचा असाच आलेख काढला तर बिंदूंचा पुंजका उजवीकडे उतरताना दिसतो, कारण एल निनोमध्ये मध्य आणि पूर्व प्रशांत महासागर तापतो, हवेचा ऊर्ध्वगामी प्रवाह तिकडे सरकतो आणि त्याची उतरणारी बाजू आपल्या बाजूला येऊन ढगांची वाढ दाबते. १९६५, १९७२, १९८२, १९८७, २००२, २००४, २००९, २०१५ ही तुटीची वर्षे एल निनोची होती. पण त्याच आलेखात १९९७ हा बिंदू डोळ्यांत भरतो. विसाव्या शतकातील अतिप्रबळ एल निनोंपैकी एक त्या वर्षी होता आणि देशात पाऊस मात्र सरासरीपेक्षा किंचित जास्तच पडला, कारण हिंदी महासागराचा द्विध्रुव त्या वर्षी जोरदार धन होता. आपल्या घाटमाथ्याच्या आलेखात तर बिंदू इतके विखुरले आहेत की त्यांतून रेषा काढणे मला योग्य वाटले नाही.

या निमित्ताने विद्यार्थ्यांना इतिहासातील एक जोड सांगितली, जी मला फार मोलाची वाटते. १८९९ सालचा भीषण दुष्काळ हा एल निनोच्या वर्षातला होता. त्यानंतर १९०४ मध्ये गिल्बर्ट वॉकर हे गणिती भारतीय हवामान विभागाचे प्रमुख झाले आणि मोसमी पाऊस आधी सांगता यावा म्हणून जगभरच्या हवेच्या दाबाच्या नोंदी हाताने पडताळत बसले. प्रशांत महासागराच्या एका टोकाला दाब चढला की दुसऱ्या टोकाला उतरतो, ही 'दक्षिणी आंदोलना'ची ओळख त्यातून झाली. त्याचे नाते समुद्राच्या तापमानाशी आहे, हे याकोब ब्यर्कनेस यांनी १९६९ मध्ये स्पष्ट केले. आणि तोच दुष्काळ कोल्हापूरने अनुभवला तेव्हा राजर्षी शाहू महाराजांनी १९०२ मध्ये पाटबंधाऱ्यांचे धोरण आखले आणि पुढे भोगावतीवर राधानगरीचे काम हाती घेतले. दूरच्या समुद्रातील एका उलथापालथीतून एकीकडे पावसाच्या पूर्वानुमानाचे शास्त्र पुढे सरकले आणि दुसरीकडे आपले धरण उभे राहिले. आज पुराच्या दिवसांत सगळे कोल्हापूर ज्या सात स्वयंचलित दरवाजांची बातमी कान देऊन ऐकते, ते दरवाजे मुळात पाणी नव्हते म्हणून बांधलेल्या धरणाचे आहेत.

३ फेब्रुवारी २०२५

प्रश्नच बदलायचा, असे आज ठरले. हंगामाची बेरीज ही पिकाच्या आणि धरण भरण्याच्या दृष्टीने महत्त्वाची आहे, पुराच्या दृष्टीने नाही. राधानगरी भरलेले असताना घाटमाथ्यावर चार-पाच दिवस सलग दीडशे-दोनशे मिलिमीटर पडला की पूर येतो, मग त्या आधीचा जून कोरडा गेला असला तरी फरक पडत नाही. २०१९ हेच सांगते. त्या वर्षी देशात जून महिन्यात ३३ टक्के तूट होती आणि तरीही ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली. म्हणून हंगामी पावसाऐवजी आता 'सलग पाच दिवसांचा सर्वाधिक पाऊस' हे माप घेतले आहे. हवामान विभागाच्या वर्गवारीत चोवीस तासांत ११५.६ मिलिमीटरपासून पुढे अतिजोरदार आणि २०४.५ पासून पुढे अत्यंत जोरदार पाऊस धरतात. या दोन्ही मर्यादा ओलांडणारे दिवसही स्वतंत्रपणे मोजत आहोत.

मग आमच्या पिढीने पाहिलेले चार पूर एकाखाली एक लिहिले आणि त्यांच्यापुढे समुद्रांची अवस्था लिहिली. २००५ च्या जुलैअखेरीस, म्हणजे सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पडला त्याच काळात, प्रशांत महासागर तटस्थ होता, म्हणजे एल निनोही नाही आणि ला निनाही नाही. २०१९ मध्ये क्षीण एल निनो नुकताच ओसरला होता आणि हिंदी महासागराचा द्विध्रुव धनाकडे झपाट्याने चढत होता. २०२१ मध्ये पंचगंगा ५६ फुटांच्या आसपास पोहोचली तेव्हा ला निना संपून प्रशांत पुन्हा तटस्थ झाला होता आणि द्विध्रुव नेमका ऋणाकडे झुकलेला होता. २०२४ च्या जुलैअखेरीस पातळी ४७ फुटांच्या वर गेली तेव्हा दोन्ही समुद्र तटस्थ होते.

दोन वर्षांच्या अंतराने आलेले दोन सर्वांत मोठे पूर, आणि हिंदी महासागराची अवस्था एकमेकांच्या उलट. प्रकल्पाचा अर्धा निष्कर्ष या दोन ओळींत आहे, असे मला वाटते.

आणखी एक बारकावा नोंदवते. २०१९ च्या पुराला अनेक लेखांत सरसकट द्विध्रुवाचे कार्य म्हटले जाते. पण द्विध्रुव सप्टेंबर ते नोव्हेंबर या काळात परिपक्व होतो. त्या वर्षीच्या सप्टेंबरमध्ये देशात सरासरीपेक्षा ५२ टक्के जास्त पाऊस झाला आणि ऑक्टोबरमध्ये अरबी समुद्रात 'क्यार' हे महाचक्रीवादळ उठले, त्याच्याशी तापलेल्या पश्चिम हिंदी महासागराचा संबंध जोडणे रास्त आहे. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यातील पावसाचे श्रेय मात्र त्याला एकट्याला देता येत नाही. त्या दिवसांत बंगालच्या उपसागरात ओडिशा किनाऱ्याजवळ तीव्र कमी दाबाचे क्षेत्र होते, त्याने पश्चिमेचे वारे ओढून धरले आणि ते वारे आपल्या घाटावर येऊन आदळत राहिले.

१७ फेब्रुवारी २०२५

मागच्या नोंदीतील यादी पाहून विद्यार्थी उत्साहात आले आहेत. चारही पूर प्रशांत तटस्थ असताना आले, त्यांतील तीन (२००५, २०१९, २०२४) एल निनो ओसरल्यानंतरच्या पावसाळ्यात आले, तर हाच नियम का मानू नये, असे त्यांचे म्हणणे. निरीक्षण खरे आहे आणि त्यांनी ते स्वतः शोधले याचा मला आनंद आहे. पण एल निनो आणि ला निना साधारणपणे नोव्हेंबर ते जानेवारीत शिखरावर असतात आणि वसंतात ओसरतात. जुलैच्या सुमारास प्रशांत महासागर बहुधा एका अवस्थेतून दुसरीकडे जात असतो, त्यामुळे जुलै-ऑगस्टमध्ये 'तटस्थ' सापडणे हे मुळातच वारंवार घडणारे आहे. ज्या वर्षी प्रशांत तटस्थ होता आणि पूर आला नाही, ती वर्षे यादीत घेतल्याशिवाय नियम सिद्ध होत नाही. ती सर्व वर्षे लिहून काढायला सांगितली आहेत. यादी बरीच लांब होणार आहे.

३ मार्च २०२५

लांब यादी आली आणि नियम टिकला नाही. विद्यार्थ्यांनी ते स्वतःच मान्य केले, त्यामुळे आजची बैठक चांगली झाली.

मग आठवड्यांच्या हिशेबाकडे वळलो आणि मला वाटते खरी सामग्री येथे आहे. मोसमी पाऊस चार महिने सारखा पडत नाही. जोर आणि उघडीप यांच्या पाळ्या असतात, आणि त्यांच्यामागे विषुववृत्तावर पूर्वेकडे सरकणारी तीस ते साठ दिवसांची एक लहर असते. रोलंड मॅडन आणि पॉल ज्युलियन यांनी १९७१ मध्ये ती ओळखली. ही लहर हिंदी महासागरावर आली की विषुववृत्ताजवळ ढगांचा पट्टा उभा राहतो आणि पावसाळ्यात तो उत्तरेकडे सरकत भारतावर येतो. ढगांचे हे उत्तरेकडे सरकणे डी. आर. सिक्का आणि सुलोचना गाडगीळ यांनी १९८० मध्ये उपग्रहांच्या चित्रांवरून दाखवले. पुण्यात जन्मलेल्या सुलोचनाताईंचे काम आमच्या विषयाच्या अगदी मध्यभागी आहे. समुद्रपृष्ठ साधारण २८ अंश सेल्सिअसच्या वर गेले की उंच ढगांची शक्यता एकदम वाढते, हेही त्यांनी सहकाऱ्यांसह १९८४ मध्ये मांडले होते. हा उंबरठा समजून घेतला की एक मोठा गैरसमज दूर होतो. समुद्र अर्ध्या अंशाने तापला म्हणून पाऊस त्याच प्रमाणात वाढतो, असे होत नाही. २६ चा साडेसव्वीस झाला तर फारसे काही घडत नाही, पण पाणी पावणेअठ्ठावीसवरून सव्वाअठ्ठावीसवर गेले तर त्या भागात ढगांचे चित्र पालटू शकते.

या पट्ट्याची पाळी आपल्या किनाऱ्यावर येते तेव्हा किनाऱ्याला समांतर कमी दाबाची आस बळावते, नैर्ऋत्येचे वारे जोर धरतात, आणि त्याच वेळी बंगालच्या उपसागरात कमी दाब असेल तर घाटमाथ्यावर पावसाची झड लागते. चारही पुरांच्या आठवड्यांत पश्चिमेचे वारे जोरात होते. समुद्राची वर्षभराची चक्रे या पाळीला अनुकूल किंवा प्रतिकूल पार्श्वभूमी देतात, पण पाळी कोणत्या आठवड्यात येईल हे ती ठरवत नाहीत.

शेजारच्या एका शेतकरी काकांनी हे ऐकून जे सांगितले ते टिपून ठेवण्यासारखे आहे. पुनर्वसूचा तो तरणा पाऊस, पुष्याचा म्हातारा, आश्लेषाचा आसळकाचा. "पाणी गावात येतं ते म्हाताऱ्यात नाहीतर आसळकात," असे ते म्हणाले. आमच्या यादीशी ताडून पाहिले : २००५, २०२१ आणि २०२४ चे पूर पुष्यातले आणि २०१९ चा आश्लेषातला. यात गूढ काही नाही. जुलैच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत जमीन पाणी पिऊन तृप्त झालेली असते, धरणे काठोकाठ येतात, आणि त्यानंतर आलेल्या जोराच्या पाळीचे पाणी थेट नदीत उतरते. तरण्यात तेवढाच पाऊस पडला तर त्यातला बराचसा जमीन आणि धरणे घेऊन टाकतात. पिढ्यान्पिढ्यांच्या निरीक्षणाने कॅलेंडरचा तो भाग अचूक पकडला आहे.

१७ मार्च २०२५

चढउतारांच्या खाली एक सरळ चढही आहे, आणि तो वेगळा काढल्याशिवाय आमचे सगळे सहसंबंध फसवे ठरत होते. पश्चिम हिंदी महासागराचे जून ते सप्टेंबरमधील तापमान १९०१ ते २०१२ या काळात सुमारे १.२ अंशांनी वाढल्याचे पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी दाखवले आहे. त्याच गटाच्या २०१७ मधील अभ्यासानुसार १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतातील व्यापक अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या, आणि त्याचे कारण अरबी समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यांची वाढलेली चंचलता, हे आहे. वाऱ्यांची सरासरी दुबळी होत असतानाही अधूनमधून बाष्पाचे मोठे लोंढे येतात. त्याआधी २००६ मध्ये गोस्वामी आणि सहकाऱ्यांनी मध्य भारतातच मध्यम पावसाचे दिवस कमी आणि अतिवृष्टीचे दिवस जास्त होत असल्याचे दाखवले होते, आणि एकूण हंगामी पाऊस मात्र फारसा बदललेला नव्हता. हंगामाची बेरीज स्थिर, पण तिच्या आतली वाटणी बिघडलेली, हे वाचताना २०१९ चा कोरडा जून आणि बुडालेला ऑगस्ट माझ्या डोळ्यांसमोर आला.

हवा एका अंशाने तापली की तिची बाष्प धरण्याची क्षमता सुमारे सात टक्क्यांनी वाढते. एका विद्यार्थ्याने यावरून शंभर मिलिमीटरचा दिवस एकशे सात मिलिमीटरचा होईल, मग एवढी चिंता का, असे विचारले. उत्तर मर्यादेत आहे. पूर्वी १९५ वर थांबणारे दिवस आता २०४.५ ची मर्यादा ओलांडू लागतात, त्यामुळे सरासरी थोडीच सरकली तरी टोकाच्या दिवसांची संख्या त्या मानाने बरीच अधिक वाढते. शिवाय ढगात बाष्पाचे पाणी होताना सुटणारी उष्णता ढगाला आणखी वर ढकलते, म्हणून काही थोड्या तासांचा पाऊस सात टक्क्यांहूनही अधिक वाढू शकतो.

७ एप्रिल २०२५

दशकांच्या चक्रांवर तीन दिवस घालवले आणि थांबायचे ठरवले. प्रशांत महासागरात वीस ते तीस वर्षे टिकणाऱ्या अवस्था असतात, अटलांटिकमध्ये त्याहूनही लांबच्या, आणि एल निनोचा मोसमी पावसाशी असलेला संबंध कधी घट्ट तर कधी सैल होतो, हे खरे आहे. पण आमच्याकडे तालुक्यांच्या भरवशाच्या नोंदी चाळीसेक वर्षांच्या आहेत. एवढ्यात असे चक्र जेमतेम एकदा पूर्ण होते. एका फेरीवरून चक्राबद्दल बोलणे प्रामाणिकपणाचे नाही.

एक उदाहरण मात्र अहवालात घ्यायचे आहे. २००९ हे एल निनोचे आणि देशभर मोठ्या तुटीचे वर्ष होते. त्याच वर्षी ऑक्टोबरच्या पहिल्या दिवसांत आमच्याच कृष्णेच्या खोऱ्यात, खालच्या अंगाला, इतके पाणी आले की कर्नूल शहर बुडाले. दुष्काळाच्या वर्षात महापूर. एल निनोचे नाव ऐकून गाफील राहू नका, हे गावकऱ्यांना सांगताना या उदाहरणाशिवाय दुसरे काही लागणार नाही.

१६ एप्रिल २०२५

हवामान विभागाने काल हंगामाचा पहिला अंदाज दिला : देशात सरासरीच्या १०५ टक्के पाऊस, प्रशांत आणि हिंदी महासागर दोन्ही तटस्थ राहण्याची शक्यता. जानेवारीतील ला निना संपली आहे. "यंदा पूर पक्का" असे लिहिणाऱ्या विद्यार्थ्याने आज स्वतःहून तो विषय काढला.

गावासाठीच्या पत्रकाचा मसुदा सुरू केला. समुद्राच्या चक्रांवरून चिखलीच्या पुराबद्दल काही सांगता येत नाही, हे पहिल्याच वाक्यात स्पष्ट लिहावे की नाही, यावर वाद झाला. दोघांचे म्हणणे असे की इतक्या महिन्यांच्या कामानंतर 'सांगता येत नाही' असे लिहिले तर लोक पुढचे वाचणारच नाहीत. मी ते वाक्य ठेवण्याच्या बाजूने उभी राहिले. एल निनोची बातमी ऐकून एखाद्या घराने पोती माळ्यावर टाकायची राहिली, तर ते पाप आपल्या माथी येईल. पण त्या वाक्याच्या लगेच खाली, काय पाहावे ते लिहायचे, यावर सर्वांचे एकमत झाले. दर गुरुवारी हवामान विभाग पुढील चार आठवड्यांचा विस्तारित अंदाज देतो, जोराची पाळी येण्याची चाहूल त्यात मिळते. त्यानंतर पाच दिवसांचे इशारे. त्यानंतर धरणांचा साठा आणि राधानगरीचे दरवाजे, एका दरवाजातून १४२८ क्युसेक. आणि शेवटी बंधाऱ्याची पातळी.

२८ मे २०२५

कोणत्याही निर्देशांकात नसलेला मे महिना पाहिला. २४ मे रोजी मोसमी पाऊस केरळात पोहोचला, नेहमीपेक्षा आठ दिवस आधी, आणि त्याच दिवशी कोकण किनाऱ्यावर रत्नागिरी-दापोलीच्या दरम्यान अरबी समुद्रातील कमी दाबाचे तीव्र क्षेत्र आत शिरले. २६ तारखेला मुंबई. दोन्ही महासागर तटस्थच आहेत. तापलेला अरबी समुद्र आणि हिंदी महासागरावर आलेली तीस-साठ दिवसांची लहर, या दोघांच्या भेटीतून हे घडले असे मी समजते. काल हवामान विभागाने हंगामाचा अंदाज १०६ टक्क्यांवर नेला.

पत्रकात एक ओळ वाढवली आहे. म्हाताऱ्या पावसात पाणी येते, याचे कारण तोवर जमीन आणि धरणे भरलेली असतात. ती जर जूनमध्येच भरली, तर तरण्या पावसातही सावध राहावे लागेल. काकांना फोन करून ही ओळ वाचून दाखवली. ते थोडे थांबले आणि म्हणाले, "हे बरोबर आहे, लिहा."

९ जून २०२५

पत्रके चिखली, आंबेवाडी आणि शिरोळकडच्या दोन गावांत पोहोचली. चिखलीतील प्रत पाराजवळच्या भिंतीवर, २०२१ च्या पाण्याची खूण जिथे रंगवली आहे, तिच्या वर लावली आहे.

महाविद्यालयाच्या गच्चीवरचा पर्जन्यमापक दुरुस्त होऊन आला. सकाळी साडेआठला नोंद घेण्याची पाळी पाच जणांत वाटून दिली आहे, रविवार धरून. पुराच्या दिवसांत जागा कोरी राहू नये म्हणून चिखलीच्या विद्यार्थ्याने गावातही एक मापक बसवला आहे, आणि तो जाणूनबुजून शाळेच्या वरच्या मजल्याच्या सज्जावर, जिथे पाणी आले तरी जिन्याने पोहोचता येते. दोन्ही मापकांच्या नोंदी आजपासून सुरू झाल्या.